सोबतीचं मोल सांगायला शिकवणाऱ्या महानंदा अक्का

श्रीमती महानंदा मगदूम यांच्याशी माझं पहिलं बोलणं झालं ते प्रसूतिकक्षात. "भेटायची वेळ संपली. बाहेर व्हा," असं मी त्यांना म्हणाले होते. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथातला लेख अशा वाक्यानं सुरू करणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण ओळख झाली ती अशी झाली.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी परिचारिका होते. नेसरीच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यातून एक पहिलटकरीण आमच्याकडे आली होती. नवरा औषधं आणायला बाहेर गेला होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. काही विचारलं तर उत्तर नाही, पोटाला हात लावू देईना. हट्टी आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. तिच्या खाटेशी एक उंच बाई उभ्या होत्या. काठाची सुती साडी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. शेजारच्या खाटेवरच्या ओळखीच्या बाळंतिणीला डबा द्यायला त्या आल्या होत्या, आणि जाता जाता इथं थांबल्या होत्या.

मी हटकल्यावर त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जाते की बाई. पण ही पोरगी हट्टी नाही. हिला मराठी येत नाही. तुम्ही काय विचारताय तेच तिला कळत नाही. कन्नड येणारं कुणी असलं तर आत पाठवा, म्हणजे मी निघाले."

त्या पाळीला कन्नड येणारं आमच्यात कुणीच नव्हतं. मी त्यांना थांबायला सांगितलं. त्यांनी वाकून मुलीच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अळब्याड, तंगी." रडू नको, बाळे. तोवर न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली, आणि मग भडाभडा बोलली. सकाळपासून पोटातलं मूल हललं नव्हतं. मी डॉक्टरांना बोलवायला धावले. लगेच शस्त्रक्रिया झाली आणि मूल वाचलं. मी खोलीबाहेर आले तेव्हा त्या बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. "मुलगा," मी सांगितलं. "आणि आई?" त्यांनी विचारलं.

महानंदा मगदूम म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अक्का. थोरल्या बहिणीला त्यांच्या घरी मराठीतही अक्का आणि कन्नडमध्येही अक्का, त्यामुळे हे नाव दोन्हीकडून चिकटलं. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं, व्यापारी लिंगायत घर. नोकरी प्राथमिक शिक्षिकेची, तीही बरीचशी राधानगरी भागातल्या वाड्यांवरच्या शाळांत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मुलांना घरी पोचवून मगच स्वतःच्या खोलीवर जायचं, अशी ती नोकरी. निवृत्त होऊन त्या कोल्हापुरात राहायला आल्या. पेठेतल्या शेजारपाजारच्या बायकांना गोळा करून त्यांनी 'सोबत महिला मंडळ' सुरू केलं. मंडळाचं काम सांगायला सोपं होतं. खेड्यातून दवाखान्यात आलेल्या, जवळ बाईमाणूस नसलेल्या रुग्ण बाईजवळ आपल्यातल्या कुणीतरी थांबायचं. कुठला कागद कुठल्या खिडकीत द्यायचा ते दाखवायचं, डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या भाषेत सांगायचं. बाकी वेळ नुसतं जवळ बसायचं. पेठेतल्या एका धर्मादाय संस्थेनं तळमजल्यावरची खोली मंडळाला वापरायला दिली होती. तिथं नातेवाईक पाठ टेकत, बायका भाकरी थापत. दवाखान्यातली पाळी संपली की मीही तिथं जाऊ लागले, आणि कधी मंडळाची झाले ते मलाही कळलं नाही.

अक्कांच्या हातून झालेल्या मदतीचे दाखले या ग्रंथात इतरांनी दिलेच असतील. मला लिहायचं आहे ते त्यांच्या दुसऱ्या एका कामाविषयी. केलेलं काम सांगावं कसं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. ते शिकण्याची वेळ आमच्यावर आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस.

तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघत होते. आमच्या खोलीच्या जागी असा वर्ग काढावा, असं संस्थेच्या विश्वस्तांच्या मनात आलं. त्यात वावगं काही नव्हतं. पेठेतल्या मुलामुलींना त्याची गरज होतीच. विश्वस्तांनी आम्हाला बोलावून घेतलं. अध्यक्ष गुळाचे जुने व्यापारी, मितभाषी गृहस्थ. त्यांनी सरळ विचारलं, "अक्का, तुमचं मंडळ नेमकं करतं काय?"

अक्का बोलायच्या आधीच आमच्यातल्या हिराबाई बोलल्या. हिराबाई शेतकरी घरातल्या. पहाटे दूध घालायला शहरात यायच्या आणि रतीब संपला की दुपारपर्यंत दवाखान्यात थांबायच्या. त्या म्हणाल्या, "बसतो की आमी. मीबी बाईजवळ बसतो."

आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी बसलो' असंच म्हणतात. संस्थेचे चिटणीस हसले, आणि त्यांच्यापाठोपाठ आणखी एकदोघं. "बसायला खोली कशाला लागते?" कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. वार्षिक सभेत मंडळानं आपलं काम सगळ्यांसमोर मांडावं आणि मग जागेचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

परत येताना हिराबाईंचा चेहरा उतरला होता. "माझ्या तोंडानं घात केला," असं त्या सारखं म्हणत होत्या. अक्का रस्त्यात थांबल्या. "हिराबाई, तुम्ही अगदी खरं बोललात. आपण बसतोच. पण त्या बसण्यात काय असतं ते आपण कधी कुणाला सांगितलंच नाही. न सांगता त्यांना ते कळावं कसं?"

मग शनिवारी दुपारी आमची शाळा भरायला लागली. खोलीत सतरंजी पसरायची, चहा ठेवायचा आणि एकेकीनं एकेक प्रसंग सांगायचा. सुरुवातीला आम्ही सगळ्याच भाषणं करायचो. "रुग्णांची मनोभावे सेवा केली," मी म्हणाले. अक्का म्हणाल्या, "सेवा मला दिसत नाही, सिस्टर. तुम्हाला काय दिसलं ते सांगा." एक बाई कोडोलीकडच्या एका आजींविषयी सांगत होत्या. "लई गरीब होती बिचारी."

"गरीब कशावरून?" अक्कांनी विचारलं.

"चपला हातात धरून चालत हुती की."

"का धरल्या होत्या?"

"फरशी नुकती पुसलेली हुती. पाय उमटतील म्हणून."

"मग ती बिचारी कशी? दुसऱ्याच्या कष्टाला जपणारी बाई ती. तेच सांगा की."

मला तो क्षण अजून आठवतो. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या माणसांवर आम्ही किती सहज दयेची चादर टाकत होतो, हे मला तेव्हा उमगलं. अक्का रागवायच्या नाहीत. फक्त प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. त्यांच्या वर्गातली मुलंही अशीच शिकली असणार.

सभेत सांगायला सगळ्यांनी हिराबाईंची एक हकिकत निवडली. राधानगरीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली सुरेखा नावाची तरुण बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात आली होती. अवघडलेली केस होती, शस्त्रक्रिया ठरली होती. नवरा दूर कुठल्याशा कारखान्यात, सोबत कुणी नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ती खाटेवरून नाहीशी झाली. हिराबाईंना ती एस.टी. स्टँडवर सापडली आणि त्यांनी तिला परत आणलं. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. हिराबाई सांगायच्या, "बिचारी भिऊन पळाली हुती. मी समजूत घालून आणली." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. अशी गोष्ट ऐकून कोण आमची खोली काढून घेईल, असं आम्हाला वाटत होतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरेखाला विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. ती तर केव्हाच घरी गेली होती. सभा तोंडावर आलेली, पावसाचे दिवस. आता कुठं तिला शोधायचं, असा सगळ्यांचा सूर होता. अक्का म्हणाल्या, "गोष्ट तिची आहे. तिला ठाऊक नसताना आपण ती भर सभेत मांडायची? उद्या तिच्या गावात कुणी म्हणालं, तू पळाली होतीस म्हणे, तर तिनं काय करायचं?"

रविवारी अक्का, हिराबाई आणि मी राधानगरीच्या एस.टी.त बसलो. पुढं वाडीपर्यंत चालायचं होतं. अक्कांचे गुडघे तेव्हाही दुखायचे. छत्री टेकत टेकत त्या चढ चढल्या. वाटेत तण काढत भात भांगलणाऱ्या बायकांनी हटकलं, "कुठलं पावणं म्हणायचं?" त्यातल्याच एकीनं आम्हाला सुरेखाच्या घरी पोचवलं.

सुरेखानं चहा ठेवला. तिची सासू दारात तांदूळ निवडत होती. अक्कांनी येण्याचं कारण सांगितलं आणि हिराबाईंना म्हणाल्या, "सांगा, सभेत जसं सांगणार आहात तसंच." हिराबाईंनी सांगायला सुरुवात केली. 'भिऊन पळाली'पर्यंत आल्या तोच सुरेखा चुलीपाशी उठून उभी राहिली.

"पळालं कोण? मी पळालो न्हाय!"

अक्का म्हणाल्या, "मग काय झालं होतं? तू सांग."

सुरेखा आधी सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कंडक्टरला निरोप द्याय गेलतो. आमच्या गाडीचा कंडक्टर वळकीचा हाय. म्हटलं, अत्तीला, माझ्या सासूला सांग, पोरग्याला घिऊन ये. पोट फाडायचं म्हणल्यावर जीव ऱ्हातोय का जातोय काय म्हाईत. त्याच्या आधी पोरग्याचं त्वांड तरी बघावं म्हटलं. दवाखान्यात कुणाला सांगायचं? कुणी इचारलंच न्हाय."

तांदूळ निवडणारे सासूचे हात थांबले होते. सुरेखा हिराबाईंकडे वळली. "आणि मावशी, तुमी माझी समजूत कवा घातली? तुमी आला आणि माझ्याजवळ बाकड्यावर बसला. गाडीला उशीर हुता. तुमी एकदाबी 'चल' म्हटलं न्हाय. गाडी आली, मी फुडं जाऊन निरोप दिला, मग आपून दोघी आलो. तुमी 'चल, चल' केलं असतं तर मी कशाला आलो असतो? हात झिडकारून गाडीत चढलो असतो मी."

हिराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "मला काय बोलायचं सुचंनाच गं तवा. म्हणून गप बसलो. सांगताना वाटलं, नुसतं गप बसलो म्हटलं तर लोक हसत्याल. म्हणून समजूत घातली असं म्हटलं."

विश्वस्तांसमोर हिराबाई जे बोलून गेल्या होत्या आणि ज्याला लोक हसले होते, त्याचा अर्थ त्या चुलीपाशी आम्हाला कळला. आम्ही रचलेली गोष्ट कुठल्याही मंडळाची असू शकली असती. सुरेखानं सांगितलेली फक्त आमची होती. अक्कांनी तिला विचारलं, "हे आम्ही सभेत सांगितलं तर चालेल का? नको म्हणालीस तर दुसरं काही सांगू."

सुरेखा म्हणाली, "तुमी परत चुकीचं सांगशिला. मीच येतो."

सासू म्हणाली, "मग मीबी येतो."

सभेच्या आधी चिटणीस अक्कांकडे आले. स्वभावानं ते वाईट नव्हते, आमचं चांगलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी सुचवलं, की बाईनं बाळाला कडेवर घेऊन व्यासपीठावर यावं, भाषा जरा शुद्ध करून घ्यावी, आणि बोलताना रडू आलं तर उत्तमच. अक्का शांतपणे म्हणाल्या, "भाषा तिची आहे, तशीच राहील. आणि रडायचं की नाही ते तीच ठरवेल."

सुरेखा रडली नाही. ध्वनिक्षेपकापासून जरा लांबच उभी राहून, वाडीवर बोलतात तशा मोठ्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. स्टँडवरचं बाकडं, उशिरा आलेली गाडी, शेजारी गप्प बसलेली मावशी. सांगून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मग अध्यक्षांनी खुर्चीत पुढं सरकून विचारलं, "मग? सासूबाई आल्या का पोराला घेऊन?"

मागच्या रांगेतून सासू उभी राहिली. "आलो की! न येऊन सांगतोय कुणाला? पोराला खांद्यावर टाकून पयल्या गाडीनं आलो!"

सभागृह हसलं. पण विश्वस्तांच्या बैठकीत हसले होते तसं नाही.

खोली आम्हाला पूर्ण मिळाली, असं मी सांगणार नाही. संगणकाचा वर्ग आलाच. विश्वस्तांनी मधोमध प्लायवूडची भिंत घातली. पुढच्या अंगाला वर्ग, मागच्या अंगाला आम्ही. पलीकडून कळफलकांची टकटक ऐकू यायची, इकडून भाकरी थापल्याचा आवाज पलीकडे जात असेल. जागा अपुरी पडायची, कुरबुरीही व्हायच्या. पण मंडळ टिकलं, आणि त्या दिवसानंतर 'तुम्ही करता काय' असं आम्हाला कुणी विचारलं नाही.

पुढच्या काळात इतर मंडळं अक्कांकडे येऊ लागली. दूध संकलन करणाऱ्या बायका आल्या, महापुरात माणसं बाहेर काढणारी तालमीची पोरं आली, बचत गट आले. सगळ्यांना हवं असायचं एकच : आमचं काम लोकांना कसं पटवून द्यायचं ते सांगा. तालमीच्या पोरांनी पुरातली शौर्यकथा सांगितली, होड्या, दोर, काळोख, सगळं होतं. अक्कांनी विचारलं, "ज्यांना बाहेर काढलंत त्या आजोबांना होडीत बसताना काय वाटलं?" पोरं आजोबांना विचारायला गेली. आठवड्यानं ती परत आली ती हसतच. आजोबा होडीत बसायलाच तयार नव्हते, आधी म्हशीला न्या म्हणत होते, आणि पोरांनी खरोखर आधी म्हैस नेली होती. ही गोष्ट त्यांना सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. पेठेत आजही तीच सांगितली जाते.

अक्का अपयशही लपवू द्यायच्या नाहीत, आणि हे पचवायला आम्हाला सगळ्यात जड गेलं. एका वर्षी आमच्या सोबतीतली एक बाई दगावली. आम्ही सतत तिच्याजवळ होतो, तरी दगावली. तिच्या आईची परवानगी घेऊन अक्कांनी ती हकिकत वार्षिक सभेत स्वतः सांगितली. नंतर एका विश्वस्तांनी विचारलं, "हे कशाला सांगितलंत? यात मंडळाचं काय दिसलं?" अक्का म्हणाल्या, "जमलेलं तेवढंच सांगितलं तर ती जाहिरात होते. मरताना तिचा हात कुणाच्या तरी हातात होता. तिच्या आईला ते सांगण्यासारखं वाटतं. मग आपल्याला का वाटू नये?"

एकदा एका वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर मुलाखतीला आला होता. या कामाच्या मुळाशी अक्कांचं काहीतरी खासगी दुःख असणार, अशी त्याची खात्री होती. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. शेवटी अक्का म्हणाल्या, "बाळ, निवृत्त झाल्यावर घरात करमत नव्हतं. एवढंच. प्रत्येक चांगल्या कामामागं रडणं असलंच पाहिजे का?" त्यानं ते छापलं नाही. मी इथं आवर्जून लिहिते आहे, कारण अक्कांचा स्वभाव एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या वाक्यातून सांगता येणार नाही.

माझ्या घरापुरतं एक सांगते. माझी आई शेवटच्या आजारात घरीच अंथरुणाला खिळली होती. लोक भेटायला यायचे, उपाय सांगायचे, धीर द्यायचे आणि जायचे. अक्का रोज दुपारी यायच्या. आल्या की आईच्या खाटेशी बसून आमची संध्याकाळची भाजी निवडायच्या. मेथी असो, गवार असो. आईशी फारसं बोलत नसत. एकदा आई मला म्हणाली, "त्या बाई आल्या की घरात काही वाईट चाललंय असं वाटत नाही." आईच्या माघारी मी हे अक्कांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तुमची आई मला गवार नीट मोडायला शिकवत होती. मी शिरा ठेवायचे म्हणून रागवायची."

आज अक्का पंचाहत्तरीत आहेत. गुडघे फार चालू देत नाहीत, म्हणून मंडळाच्या बायकाच त्यांच्या घरी जमतात. नव्यानं आलेल्या मुली भ्रमणध्वनीवर फोटो काढतात, अहवाल संगणकावर करतात. अक्कांना त्याचं कौतुक आहे. फोटो बघून त्या विचारतात, "ही बाई कोण? हिचं नाव काय?" नाव माहीत नसलं तर फोटो अहवालात जात नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी हिराबाईंना विचारलं, अक्कांसाठी तुमच्या वतीनं काय लिहू? त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "लिवा," त्या म्हणाल्या, "अक्का, तुमी आणिक लई वर्सं जगा. तुमचं काय काम अडलंय म्हणून न्हवं. तुमी गेलासा तर आमचं एवढं नीट ऐकून कोण घ्यायचं?"

या मागण्यात मी माझंही मागणं मिसळते. अक्कांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, गुडघ्यांनी त्यांना थोडी सवलत द्यावी, दृष्टी अशीच चौकस राहावी. आणि बाकी काही कमीजास्त झालं तरी त्यांचे कान मात्र शेवटपर्यंत शाबूत राहोत. आम्हाला अजून पुष्कळ सांगायचं आहे.